दोन इंच उंच केलेली गाडी आणि मडिकेरीचा उतार

मंजूचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. हात काळे, फोन छातीवर, स्पीकर चालू.

"शंकर, तुझी ती डोंगर चढणारी गाडी चालू आहे की नुसतीच उभी?"

"चालू आहे," मी म्हणालो. नव्हती. मागच्या स्प्रिंगचे पाटे सुटे करून फरशीवर मांडले होते.

मंजूला पुण्यात नोकरी लागली होती, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपनीत, ब्रेकच्या विभागात. पुढच्या सोमवारी निघायचं होतं, आणि त्याआधी तिला बाबांची एक इच्छा पुरी करायची होती. तिचे बाबा मारुतीराव, मी त्यांना काका म्हणतो. सरकारी बसवर सव्वीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली बरीचशी म्हैसूर-मडिकेरी रूटवर. मडिकेरीच्या स्टँडवर पोचायचं, चहा प्यायचा, बस वळवायची आणि परत. स्टँडवरून समोर एक डोंगर दिसतो. चहा पिताना काका रोज त्याच्याकडे बघायचे. वर कधी गेले नाहीत. तिथे बस जात नाही, आणि साध्या गाडीचं ते काम नाही.

"शनिवारी जाऊ, रविवारी परत. आई पण येणार. जमेल?"

बद्रीनाथला नेशील का विचारलं असतं तरी जमेल म्हणालो असतो.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगून टाकतो. मला चार वर्षांपासून मंजूला एक गोष्ट सांगायची होती आणि सांगितली नव्हती. आम्ही दोघं कॉलेजात मेकॅनिकलला. कच्च्या रस्त्यावर पळणारी बग्गी बनवायच्या स्पर्धेत एकाच टीममध्ये. सस्पेन्शन माझं, ब्रेक तिचे. तिसऱ्या वर्षी सरांनी माझं डिझाइन नाकारलं, मी सगळ्यांसमोर पाना आपटला, "ठेवा तुमची डिग्री तुमच्याजवळ" म्हणालो आणि बाहेर पडलो. आठवडाभरानं राग गेला, पण पाय परत वळले नाहीत. तेव्हापासून म्हैसुरात, बोगादीला मामाच्या गॅरेजात आहे. मंजूनं डिग्री पूर्ण केली. आता ती पुण्याला जाणार, म्हणजे रविवारी डोंगरावर सांगितलं नाही तर राहिलंच.

गाडीबद्दल थोडं

तुम्ही अशा वाटेला जायचा विचार करत असाल तर हे वाचाच. नसाल तरी वाचा, कारण पुढची सगळी गोम इथेच आहे.

आमची गाडी मामाची, सोळा वर्षं जुनी, डिझेल, फोर बाय फोर. खाली शिडीसारखी लोखंडी चॅसी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. शहरातल्या नव्या गाड्यांमध्ये बॉडी आणि चॅसी एकजीव असते. त्या डांबरावर लोण्यासारख्या जातात. पण एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर अशी वेळ आली की शिडी बरी, ती जरा पीळ सोसते. पुढे दोन्ही चाकांची हालचाल वेगवेगळी. मागे मात्र आडवा एकसंध अ‍ॅक्सल, आणि तो पोलादी पाट्यांच्या कमानींवर टांगलेला, ट्रकसारखा. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं की गाडी उंच करावी. मागे दोन्हीकडे एकेक जादा पाटा घातला, पाट्यांना धरणारे शॅकल लांब केले, पुढचे टॉर्शन बार, म्हणजे तिथे स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या, आवळले. दोन इंच वर. चार दिवस जेवणखाण सोडून खपलो. खोटं कशाला बोलू, वाटेसाठी एवढी उंची लागतच नव्हती. मंजूनं बघून "वा" म्हणावं, एवढंच होतं.

मामा चष्मा कपाळावर सरकवून वाकला. "दिसायला झकास दिसते रे शंकऱ्या. पण खाली तो रॉड बघ. गाडी वर गेली, रॉड तेवढाच राहिला."

"बघतो मामा."

आणि मी टायर चकचकीत करायला घेतले.

शनिवार: विजयनगर ते मडिकेरी

सकाळी साडेसहाला म्हैसूरच्या विजयनगर भागात मंजूच्या दारात. म्हैसूरहून मडिकेरी साधारण एकशे वीस किलोमीटर. लवकर निघालात तर हुणसूरला नाश्ता, मडिकेरीत जेवण.

काकू, म्हणजे मंजूची आई, दारात येऊन उभ्या राहिल्या, गाडीकडे खालून वर बघितलं. काकू ब्लाउज शिवतात, अर्ध्या विजयनगरचे. गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्यासोबत कायम मापाचा टेप.

"अय्यो! ही गाडी आहे की माळा? शंकर, चढू कशी रे मी?"

"पाय तिथे ठेवा काकू, त्या पट्टीवर."

"तिथे पाय पोचला असता तर तुला विचारलं असतं का?" त्या आत गेल्या आणि शिलाई मशीनपुढचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आल्या. त्यावर चढून बसल्या, मग वाकून स्टूलही आत ओढून घेतलं. "आयतु, झालं. चला."

घरात आम्ही सगळे असंच बोलतो, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. पुण्याच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या शेजारच्या सीटवर मंजू बसेल, असं मी आठवडाभर मनात रंगवत होतो. काका येऊन बसले. ड्रायव्हर माणूस मागे बसतच नाही. मंजू मागे, आईशेजारी. आरशात तिचा अर्धा चेहरा आणि एक कान दिसत होता. मी आरसा जरा हलवला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी आरसा परत होता तसा केला.

काकांची एक सवय गमतीची. पुढे काही आडवं आलं की त्यांचा उजवा पाय पायाखालची रबरी मॅट दाबतो. तिथे ब्रेक नाही, पण पाय ऐकत नाही. आणि मॅट नेहमी माझ्या पायाच्या एक क्षण आधी दबते.

"निधान, शंकर, निधान," ते मधूनमधून म्हणत. म्हणजे सावकाश. मी साठवरच होतो.

हुणसूरच्या अलीकडे रस्त्याकडेला तंबाखूच्या भट्ट्या लागतात. तो गोडसर, जड वास काचा बंद केल्या तरी आत येतोच. तिथेच शेतातून एक ट्रॅक्टर न बघता रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण नाक असं खाली गेलं की काकूंची चकलीची पिशवी मागून घसरत गिअरपर्यंत आली.

"देवा विठ्ठला," काकू म्हणाल्या. काकांच्या पायाखालची मॅट गोळा झाली होती.

हुणसूरच्या बस स्टँडजवळ तट्टे इडली खाल्ली, ताटाएवढी पसरट, वर लोण्याचा गोळा. चौघांचं कॉफीसकट तीनशेच्या आत. गल्ल्यावरच्या माणसानं काकांना ओळखलं आणि कॉफी न मागता दुप्पट कडक दिली. मंजू इडली मोडत हळूच म्हणाली, "ब्रेकला नाक फार खाली जातंय. लिफ्ट केल्यावर मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हचा रॉड बघितलास ना?"

मामाही तेच. हीही तेच. माझ्या डोक्यात सणक गेली.

"बघितलाय."

"जुळवून बसवलास ना परत? कारण तो जर..."

"बघितलाय म्हटलं ना! तू कागदावर शिकलीस, मी हातानं शिकतो. गाडी माझी आहे, मला कळते."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. काका सांबार माझ्याकडे सरकवत म्हणाले, "गरम आहे तोवर खा."

खोटं बोललो होतो, आणि वर आवाज चढवला होता. पिरियापट्टणपर्यंत गाडीत फक्त काकू बोलत होत्या, त्याही पुण्याला थंडी किती असते आणि तिथे ब्लाउजला अस्तर लावतात का, एवढंच.

बैलकुप्पेला थांबा. तिबेटी वसाहत आहे, मोठा सोनेरी मठ आहे, पार्किंग सोपं. काकूंनी मोमो हातात घेऊन उलटसुलट केला, चुण्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चुण्या सुरेख घातल्यात." एवढं बोलल्यावर खाल्ला.

कुशालनगर सुटलं की चढ सुरू होतो, आणि तिथून काकांना कंठ फुटला. प्रत्येक वळणाची त्यांची स्वतःची ओळख होती. इथे हत्तीसाठी पाऊण तास थांबलो. इथे एकदा पुढची काच फुटली, पावसात तसाच आलो. इथे एका बाईला कळा सुरू झाल्या, बस सरळ दवाखान्यात नेली. "मुलगा झाला. पुढे तोच मुलगा माझ्या बसनं शाळेला जायचा." मंजूनं या गोष्टी शंभरदा ऐकल्या असतील. तरी ती "मग?" म्हणत होती.

मडिकेरीत शिरल्यावर काका म्हणाले, "दोन मिनिटं स्टँडवर घे."

मी गाडी बाहेर उभी केली. काका उतरले, जिथे त्यांची बस लागायची तिथे जाऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. तिथे दुसरी बस होती. तिचा ड्रायव्हर चहा पीत होता. डोंगर ढगात होता, दिसला नाही.

"उद्या दिसेल," परत येऊन ते म्हणाले.

मुक्काम एका घरगुती होमस्टेमध्ये, दोन खोल्या, जेवणासकट साडेतीन हजार. जेवणात कडुंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे. कोडगूत, म्हणजे कूर्गात, ते डुकराच्या रश्श्याबरोबर खातात. आमच्या टेबलावर माळकरी, म्हणून बांबूच्या कोंबाची भाजी आली. आधी सांगितलंत तर आनंदानं करतात. मंजू जेवताना माझ्याशी दोन वाक्यं बोलली, दोन्ही मीठ मागायला.

रविवार: वर

डोंगराचं नाव मी लिहीत नाही. अर्धी वाट एका कॉफी इस्टेटमधून जाते, आणि तिथल्या रायटरनं हात जोडून सांगितलं की इंटरनेटवर टाकू नका. रायटर म्हणजे इस्टेटचा कारभार बघणारा माणूस. त्यांचं नाव उत्तप्पा. आमच्या काकांच्या बसनं ते पंधरा वर्षं ये-जा करायचे, म्हणून आम्हाला फाटक उघडलं. तुम्हाला अशा वाटेवर जायचं असेल तर मडिकेरीतून भाड्याच्या जीप मिळतात. त्या पोरांना वाट पाठ असते. स्वतःची गाडी न्यायची हौस असेल तर आधी परवानगी विचारा.

इस्टेटमध्ये कॉफीची फळं अजून हिरवीच होती, एखाददुसरं लाल. पाऊस आठवड्यापूर्वी थांबला होता, माती ओली. झाडं संपली तिथे मी गाडी न्यूट्रलला आणली आणि छोटा दांडा ओढून फोर लोमध्ये टाकली. याचा अर्थ चारही चाकांना ताकद, आणि गिअर इतके जड की गाडी माणसाच्या चालीनं पण बैलाच्या जोरानं चालते.

हा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. वाटेत पावसानं कोरलेले चर होते, गुडघाभर. उजवं पुढचं चाक वर चढलं की डावं मागचं खाली लोंबायचं, पाटे करकरायचे, चॅसी आळोखेपिळोखे दिल्यासारखी कुरकुरायची, आणि तरी गाडी पुढे जात राहायची. कॉलेजात कागदावर काढलेलं सगळं माझ्या बुडाखाली घडत होतं.

"मागचं चाक बघ कसं खाली गेलं!" मंजू खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली. कालचा राग ती विसरली होती. "शंकर! मस्त आहे रे!"

काकू डोळे मिटून माळ ओढत होत्या. "संपलं की सांगा."

काकांचा पाय मॅटवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते नुसतं समोर बघत होते.

वर गवत, वारा आणि चारी बाजूंना डोंगरांच्या रांगा. ढग आमच्या खाली होते. काका कड्याच्या जरा अलीकडे जाऊन उभे राहिले. दहाएक मिनिटांनी ढग फाटला आणि खाली मडिकेरी दिसली, लाल कौलं, पांढऱ्या भिंती, एक लांबट मोकळी जागा.

"स्टँड," काका म्हणाले. बोट दाखवत राहिले. "मंजू, तो बघ स्टँड. तिथे उभा राहून मी हे बघायचो." मग जरा थांबून, "इथून केवढासा आहे गं."

मंजू त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. मी दोन पावलांवर. सगळं पाठ केलं होतं, पहिल्या शब्दापासून. तीनदा घसा साफ केला. पण ती जागा त्या दोघांची होती. मी तिथून मागे सरकलो आणि काकूंना चकलीचा डबा उघडून दिला.

उतरताना सांगू, असं ठरवलं.

रविवार: खाली

पहिला अर्धा किलोमीटर ठीक गेला. मग मी घाई केली. लोमध्ये गाडी फार हळू उतरत होती आणि मला इस्टेटमध्ये कॉफीला थांबून मंजूला बाजूला घ्यायचं होतं. म्हणून हायमध्ये, म्हणजे रोजच्या हलक्या गिअरांत, टाकली आणि ब्रेकवर उतरायला लागलो. मागे दोन माणसं, चार पिशव्या, उत्तप्पांनी दिलेली संत्र्यांची गोणी.

तीन वळणं झाली आणि वास आला. जळक्या केसांसारखा.

"शंकर," काका म्हणाले.

"क्लचचा असेल."

पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. त्याच्या पुढच्या उतारावर आणखी खाली, आणि गाडीला काही फरक पडेना. बाजूला मॅट करकचून दबलेली दिसली. गिअर दुसऱ्यात, मग पहिल्यात कोंबला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला, आणि डावीकडच्या मातीच्या दरडीला गाडी घासत नेली. थांबली.

मागून काकू म्हणाल्या, "संपलं?"

"उतरा सगळे. दरडीच्या बाजूनं," काका म्हणाले. आवाज तोच, सांबार सरकवतानाचा. त्यांनी आधी मोठा दगड मागच्या चाकाला लावला. पुढच्या चाकापाशी हात नेला आणि लांबूनच मागे घेतला. मी पाण्याची बाटली उघडली.

"ओतू नको. गरम डिस्कवर पाणी पडलं तर तडकेल. आपोआप निवू दे." मग मागच्या चाकाजवळ वाकले. ड्रमवर सरळ तळवा ठेवला. तसाच ठेवला.

"कोमट," ते म्हणाले. "पुढची दोन चाकं एकटीच मरतायत. मागची सुट्टीवर आहेत."

मंजूनं ओढणी कमरेला बांधली आणि गाडीखाली गेली. मी उभाच. मला माहीत होतं ती काय बघणार आहे. मिनिटभरानं ती बाहेर आली, कोपरापर्यंत चिखल.

"रॉड सगळा खाली ओढला गेलाय," ती म्हणाली. माझ्याकडे बघून, अगदी हळू. "बघितलाय म्हणालास."

आता मी कसा आहे ते मला माहीत आहे. राग तयार होता. मामानं नीट सांगितलं नाही, हे जिभेवर होतं. तू मला तेव्हाच खाली वाकून दाखवायला हवं होतंस, हेही होतं. तेवढ्यात काकू दिसल्या. त्यांनी गाडीतून आपलं स्टूल काढलं होतं, दरडीला लावून त्यावर बसल्या होत्या आणि माळ दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. मघाशी त्या गाडीत मागे बसल्या होत्या. गाडी मी चालवत होतो.

"नाही बघितला," मी म्हणालो. "मामानं सांगितलं होतं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. चूक माझी आहे."

एवढंच. डोंगरावर म्हणायला पाठ केलेल्यातला एक शब्द यात नव्हता.

मंजूनं मान वळवली. काका म्हणाले, "बरं. आता पुढे काय ते बघू."

गाडी निवेपर्यंत तास गेला. "एका रॉडनं एवढं?" काकूंनी विचारलं, आणि मंजूनं त्यांना समजावलं. ते तुमच्यासाठीही लिहितो, कारण गाडी उंच करणारी निम्मी पोरं हीच चूक करतात. गाडी रिकामी असते तेव्हा मागची चाकं हलकी असतात, जास्त ब्रेक लागला तर घसरतात. भरलेली असते तेव्हा मागे जास्त ब्रेक हवा. हे ठरवायला चॅसीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत एक रॉड. मागे वजन आलं की गाडी खाली बसते, रॉड वर ढकलला जातो, व्हॉल्व्ह मागे जास्त ब्रेक सोडतो. मी गाडी वर उचलली. रॉड खाली ओढला गेला. मागे दोन माणसं आणि गोणीभर संत्री असताना व्हॉल्व्हला वाटत होतं मागे कोणी नाही.

काकूंनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे ब्लाउजची उंची वाढवली आणि टक्स होते तिथेच ठेवले."

"तसंच," मंजू म्हणाली.

"मग गिऱ्हाईक तोंडावर फेकणारच की रे, शंकर."

मंजू हसली. मला त्या हसण्यानं रडू येईल असं वाटलं.

इस्टेटची शेड दोन किलोमीटर खाली. काकांनी हात पुढे केला. "चावी."

कालपर्यंत ही चावी मी मामालाही सहज देत नव्हतो. दिली. काकांनी फोर लो कधी चालवली नव्हती. मंजू शेजारी बसून दांडा कुठे, कधी, ते सांगत होती. ब्रेकला पाय न लावता, पहिल्या गिअरवर, इंजिनच्या अडवण्यावर गाडी उतरायला लागली. काकू मागे चालत, स्टूल काखेत. मी मागच्या चाकाजवळ, हातात लाकडाचा ओंडका, थांबली की लगेच चाकाखाली सरकवायला. पूर्वी घाटात बसचे क्लीनर असे चालायचे, काका म्हणाले. शेजारच्या सीटवरून त्यांची मंजू आणि खिडकीतून ते, दोघं मिळून मला मधूनच "ओय क्लीनर, झोपलास का" विचारत होते. दोन किलोमीटरला पाऊण तास.

उत्तप्पांच्या शेडमध्ये वेल्डिंग, ड्रिल, सगळं होतं. रॉडच्या खालच्या टोकाला, गाडी जेवढी उंच केली तेवढ्या लांबीची पट्टी जोडायची होती. मी तुटक्या पाट्याचा तुकडा उचलला आणि ठेवून दिला. ते पोलाद इतकं कडक असतं की ड्रिलचं टोक मोडतं. साधी लोखंडी पट्टी घेतली.

"दोन भोकांमध्ये दोन इंच अंतर," मी म्हणालो.

मग स्वतःच थांबलो. मंजूकडे वळलो. "तुला काय वाटतं? मोजायचं का?"

ती गाडीकडे वळली. "आधीचं माप आहे?"

होतं. मागच्या चाकाच्या मध्यापासून त्याच्यावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत वीस इंच, गॅरेजच्या भिंतीवर मीच खडूनं लिहिलं होतं. काकूंनी गळ्यातला टेप काढला, आम्ही गाडी रिकामी करून सपाट जागी लावली, आणि त्यांनी दोन्ही बाजूंना दोनदोनदा माप घेतलं.

"पावणेबावीस."

"बावीस असेल काकू, मी दोन इंच..."

"चाळीस वर्षं मापं घेते मी. पावणेबावीस."

गावभर दोन इंच सांगत फिरत होतो. निघाली पावणेदोन.

पट्टी बसवली. कॉफी वाळवायच्या सिमेंटच्या अंगणात काकांनी गाडी भरून सातआठ वेळा पळवली आणि थांबवली. नाक पहिल्यासारखं खाली गेलं नाही. मंजूनं मागच्या ड्रमजवळ हात नेला.

"गरम," ती म्हणाली. "कामावर आले."

परतीला मुख्य रस्त्यावर मी चालवली, सावकाश, घाट सगळा गिअरवर. काका मागे जाऊन बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाले, आणि झोपले. काकूही. म्हणून मंजू पुढे आली. पिरियापट्टणच्या पुढे ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वर घसा कशासाठी साफ करत होतास?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मला माहीत आहे. कॉलेजपासून. चहाच्या टपरीवरच्या पोरालाही माहीत आहे."

"मग?"

"आत्ता उत्तर मागू नकोस. माझे आईबाबा त्या गाडीत बसणार हे माहीत असून तू 'बघितलाय' म्हणालास. ते विसरायला मला वेळ लागेल. विसरेन की नाही तेही माहीत नाही." मग थोड्या वेळानं, "पण शेडमध्ये तू विचारलंस. कॉलेजात तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतंस."

मला राग आला नाही. मी वाट बघत होतो, नेहमीसारखा येईल म्हणून. हुणसूरच्या भट्ट्यांचा वास आला. राग आला नाही. दिवे लागायच्या आत विजयनगरला पोचलो.

घरी

खर्च थोडक्यात: डिझेल सत्तावीसशे, मुक्काम साडेतीन हजार, खाणंपिणं बाराशेच्या आसपास, उत्तप्पांनी पट्टीचे पैसे घेतले नाहीत. पावसानंतर जा, ढग फाटायला वेळ द्या. लोमध्ये चढलात तर लोमध्येच उतरा. गाडी उंच केली असेल तर आधी खाली वाका.

सोमवारी सकाळी मी पुढचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं. मामाला सगळं सांगितलं. तो खाली गेला, पट्टी हलवून बघितली. "माप कुणी घेतलं?" "काकूंनी." "मग बरोबर असेल," म्हणाला.

दुपारी तिघांनाही स्टेशनवर सोडलं. काका-काकू आठ दिवस पुण्यात राहून मंजूची खोली लावून देणार होते. मागे दोन ट्रंका, एक गादी, मशीन सोडून काकूंचं जवळजवळ सगळं दुकान. जाताना प्रत्येक सिग्नलला गाडी अशी शांत, सपाट थांबत होती की काकांचा पाय मॅटवर एकदाही गेला नाही. प्लॅटफॉर्मवर मंजूनं हात हलवला, काकूंनी चकलीचा डबा खिडकीतून माझ्या हातात दिला. आगगाडी सुटली.

पार्किंगमध्ये आलो तर लांबूनच दिसलं, गाडीचं मागचं अंग वर आलं होतं. ओझं उतरलं होतं, पाट्यांना परत बाक आला होता. काकूंचं स्टूल मागच्या सीटखाली तसंच राहिलं होतं.

बोगादीकडे निघालो. पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला, आणि पायाला लगेच कळलं. पुढे घट्ट, मागे अगदी हलका. पट्टी बरोबर बसली होती. मागे आता कोणी नाही, हे गाडीला बिनचूक समजलं होतं.

आठ दिवसांनी काका-काकूंना आणायला स्टेशनवर जायचं आहे. स्टूल गाडीतच ठेवलंय.